समोरच्याच्या हातची बारूद

निजामाच्या अमलात आमच्या चिकलठाण्याच्या माळावर दर हिवाळ्यात ठासणीच्या बंदुकांची निशाणबाजी व्हायची, आणि तिचा एक रिवाज होता. आपली बंदूक आपण भरायची नाही. ती समोरच्यानं भरायची. ज्याला हरवायला आपण उभे राहिलोत, त्याच्याच हातात आपली बंदूक द्यायची. त्यानं नळीत बारूद ओतायची, चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासायची आणि बंदूक परत आपल्या हातात द्यायची. त्याच वेळी आपण त्याची भरून द्यायची. बंदूक हातात आली की आत गज घालून पाहायचं नाही, आणि तोंडानं विचारायचं तर मुळीच नाही. विचारलं म्हणजे समोरच्याला बेइमान म्हटलं.

हैदराबादहून बदलून आलेले अंमलदार हे ऐकून हसायचे. हसू देत. फार पूर्वी कुणीतरी कुणावर फसवल्याचा आळ घेतला, त्यावरून डोकी फुटली, तेव्हा म्हाताऱ्यांनी बसून हा तोडगा काढला होता. चारचौघांत समोरच्याची बंदूक वाईट भरायला कुणी धजत नाही, एवढं त्यांना कळत होतं. कचेरीत बसणाऱ्यांना तेवढंही कळत नाही, पण ते जाऊ द्या.

शेवटच्या जोडीला बहुतेक वर्षी दोघंच उरायचे. एक आमच्या गावचे पोलीस पटेल पुंजाराम, आणि दुसरा उस्मानपुऱ्याचा चांदपाशा. चांदपाशा बंदुका दुरुस्त करायचा. वैजापूरपासून माणसं आपली ठासणी त्याच्याकडे घेऊन यायची, कारण तालुक्यात सरकारी परवाना असलेला कारागीर तेवढाच. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. एकमेकांच्या घरी ईद आणि दिवाळी हक्कानं खाल्लेले. माळावर मात्र समोरासमोर आले की गावाला वाटावं, यांची पिढ्यान्‌पिढ्यांची दुश्मनी आहे.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी निशाणबाजीच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब चावडीवर आले. नाव मुख्तार अहमद. तरुण माणूस, बोलायला मऊ. त्यांनी पुंजारामला बाजूला घेतलं.

"पटेल, चांदपाशाचा परवाना यंदा नवा करून द्यायचाय," ते म्हणाले. "पर लोग कुछ और कहते हैं. म्हणतात की म्हातारा विसरायला लागलाय."

लोक म्हणत होते ते पुंजारामच्याही कानावर होतं. गावातल्या सांडूची बंदूक दुरुस्त होऊन आली ती घोड्याशिवाय. सांडूनं घरी येऊन पाहिलं तर बारूद पेटवणाऱ्या तांब्याच्या टोपीवर आपटायला काही नाहीच. घोडा चांदपाशाच्या कोटाच्या खिशात निघाला. लोक हसले, सांडूही हसला. पण मागच्या महिन्यात चांदपाशानं पुंजारामला विचारलं होतं, "तुझे अब्बा कैसे हैं?" पुंजारामचे वडील जाऊन किती पावसाळे झाले होते. त्यांच्या तिरडीला चांदपाशानं खांदा दिला होता. तेव्हा पुंजाराम हसला नव्हता.

"बंदूक है, पटेल. घड्याळ नाही," अमीनसाहेब म्हणाले. "एक चूक आणि कुणाचा तरी जीव. उद्या तुम्ही त्याच्या समोर हातभर अंतरावर उभे राहणार. त्याचा हात बघा. आणि मग मला सांगा, डोकं ठिकाणावर आहे की नाही. तुम्ही म्हणाल त्यावर मी दस्तखत करीन, नाहीतर परवाना फाडीन."

म्हणजे चांदपाशाची भाकर पुंजारामच्या जिभेवर आणून ठेवली. असं काम सांगायला अंमलदाराला काही लागत नाही. सांगायचं आणि घोड्यावर बसून निघून जायचं.

जेवताना पुंजारामनं बायकोला, आवडाबाईला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मंग? विसरतंय माणूस. वय झालं," ती म्हणाली. "तुमाला तरी काल जेवणात काय होतं ते आठवतं का?"

"पिठलं."

"परवा होतं पिठलं."

"आगं, पिठलं विसरणं येगळं आन बारूद विसरणं येगळं."

"व्हय, पिठल्यानं नळी फुटत नाय," ती म्हणाली आणि ताटात दुसरी भाकरी टाकली. मग म्हणाली, "चांदभावजींना दुकानाबिगर काय हाय वं? लेकरू नाय, बाळ नाय. दुकान गेलं तर त्यांची बायको मेहरुन्निसा काय करल?"

पुंजारामला जेवण गेलं नाही. खोटं बोलावं तर उद्या एखाद्याचा हात उडेल. खरं बोलावं तर दोस्त उपाशी मरेल. आणि खरं काय, तेही त्याला नक्की कुठं ठाऊक होतं?

शुक्रवारी सकाळी माळ भरला. बाभळीपाशी चुन्यानं रंगवलेली फळी उभी केली होती, मधोमध काजळाचा ठिपका. एकेक जोडी गळत गेली आणि दुपारच्या नमाजाआधी नेहमीचेच दोघं उरले. अमीनसाहेब खुर्ची टाकून बसले होते. पुंजाराम समोर आला तसा चांदपाशा हसला. दाढीला मेंदी, डोक्यावर स्वच्छ टोपी, हात अजिबात न थरथरणारे.

"क्या रे पुंजाराम, चेहरा का असा उतरलाय? हरायच्या आधीच?"

"बघू कोन हरतंय, चांदभाई."

दोघांनी बंदुका बदलल्या. बारूद ज्याची त्याची असायची, म्हणून बारूद भरलेलं शिंगही बंदुकीबरोबर द्यायचं. दोघंही भरू लागले.

पुंजारामनं आयुष्यात इतक्या बंदुका भरल्या होत्या की त्याच्या हातांना डोळ्यांची गरजच नव्हती. त्यानं हातांना हातांचं काम करू दिलं आणि डोळे चांदपाशाच्या हातांवर ठेवले. चांदपाशानं शिंगाचं बूच काढलं. माप नळीच्या तोंडाशी नेलं. तेवढ्यात गर्दीतून वैजापूरचा कुणी व्यापारी ओरडला, "चांदभाई, सलाम!" चांदपाशानं मान वळवली, हात कपाळाला लावला, दोन शब्द बोलला. मग परत वळला, नळीकडे पाहिलं आणि माप पुन्हा शिंगाशी नेलं.

पहिलं माप आत गेलं होतं की नव्हतं? पुंजारामनं नीट आठवून पाहिलं. माप नळीच्या तोंडाशी होतं, हे नक्की. ते कलंडलं का? कलंडलं असावं. की सलाम घालताना बारूद खाली सांडली? मातीवर काळं काही दिसत नव्हतं, पण चिकलठाण्याची मातीच काळी. आता दुसरं माप आत जात होतं. म्हणजे आत एक माप तरी आहे, किंवा दोन आहेत. दोन असतील तर नळी फुटणार. पळशीच्या एका शिकाऱ्याचा अंगठा असाच गेला होता, अन् एक डोळाही.

चांदपाशानं गोळी ठासली, टोपी बसवली आणि बंदूक पुढं केली. पुंजारामनंही त्याची बंदूक दिली. दोन्ही बंदुका आपापल्या धन्याकडे आल्या. आता विचारायची सोय उरली नव्हती.

पहिला बार पुंजारामचा होता. तो रेघेवर जाऊन उभा राहिला आणि त्याला काही म्हणजे काही सुचेना. गज घालून पाहावं, तर सगळ्या माळासमोर दोस्ताला बेइमान ठरवल्यासारखं. 'माझी तब्येत बरी नाही' म्हणून बंदूक खाली ठेवावी, तर अमीनसाहेब काय समजायचं ते समजतील आणि परवाना फाटेल. आणि बार काढावा, तर कदाचित तोंडच फाटेल. मागून लोक ओरडायला लागले, "पटील, झोपले का?" त्यांना काय जातंय ओरडायला. चांदपाशाही मागं उभा होता. त्यानं हळूच म्हटलं, "बिस्मिल्ला कर रे, यार." त्याच्या आवाजात इतका भरवसा होता की पुंजारामला स्वतःचीच लाज वाटली.

त्यानं दस्ता खांद्याला लावला, नळीच्या टोकाची माशी काजळाच्या ठिपक्यावर आणली, आणि चाप ओढताना डोळे गच्च मिटले. निशाणबाजीत असं नवखं माणूसही करत नाही.

बार झाला. नळी फुटली नाही. खांद्याला धक्का बसला तो रोजचाच, ना जास्त ना कमी. गोळी फळीच्या वरून बाभळीच्या फांद्यांत गेली आणि दोनचार पानं खाली आली. माळावर हशा पिकला.

पुंजाराम हरल्यातच जमा होता आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला हरल्याचा आनंद झाला. एकच माप! चांदभाईनं एकच माप घातलं होतं. पहिलं माप आत गेलंच नव्हतं, सलामाच्या वेळी ते खाली सांडलं होतं आणि परत वळल्यावर त्याला ते बरोबर आठवलं होतं. डोकं जागेवर होतं. आपणच म्हातारे झालो, उगीच दोस्तावर संशय घेतला, असं वाटून त्याला हसू यायला लागलं.

चांदपाशा रेघेवर आला. त्यानं निवांत नेम धरला. चांदपाशाचा नेम सहसा चुकत नसे. त्यानं चाप ओढला.

टप्प.

नुसती टोपी वाजली. धूर नाही, बार नाही. चांदपाशानं दुसरी टोपी बसवली. पुन्हा टप्प. मग त्यानं गज काढून नळीत सोडला. बार वाया गेल्यावर तसं पाहायला मुभा होती. गज आत गेला, आणखी आत गेला, आणि जिथं थांबायला हवा त्याच्या बोटभर खाली जाऊन थांबला. जाणत्यांना तेवढं पुरे. आत गोळी होती, चिंधी होती. बारूद नव्हती.

पुंजारामला आता कळलं. चांदपाशाचे हात बघता बघता त्याच्या स्वतःच्या हातांनी बारूद ओतलीच नव्हती. गोळी घातली, ठासली, सगळं केलं. ठासताना गज खोल गेला असणार, हाताला कळायला हवं होतं. पण तेव्हा तो दुसऱ्याच्या मापाकडे बघत होता. ज्याचं डोकं तपासायला आपल्याला उभं केलं तो नीट, आणि तपासणारा असा!

माळावर कुजबुज सुरू झाली. "पटलानं बारूदच नाय घातली." "आपला बार चुकनार हे आदीच ठाऊक व्हतं का काय?" रिवाज सुरू झाल्यापासून असला बोल कुणाला लागला नव्हता.

तेवढ्यात चांदपाशानं हात वर केला.

"ऐका सगळे! पुंजारामला कुणी काही बोलू नका," तो मोठ्यानं म्हणाला. "गलती माझी. माझ्याच हातनं बारूद राहिली. इसमें दुसऱ्या कुणाचा कसूर नाही."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग लोकांना उमगलं आणि सगळा माळ "वा चांदभाई!" म्हणून उठला. पटलांना बंदूक भरताना सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी दोस्ताची इज्जत राखायला या माणसानं सगळ्यांसमोर दोष आपल्या अंगावर घेतला होता. आमच्यातल्या दोघातिघांचे डोळे पाणावले. माझेही, खोटं कशाला बोलू.

अमीनसाहेब पुंजारामजवळ आले. तेही हसत होते. "पटेल, बारूद तो आप भूल गए. आता सांगा, चांदपाशाचं डोकं कसं आहे?"

"माझ्यापेक्षा चांगलं हाय, साहेब," पुंजाराम म्हणाला. "असा मानूस पाहिला का तुमी कुठं? परवाना द्या. डोळे झाकून द्या."

अमीनसाहेबांनी तिथंच, खुर्चीच्या हातावर कागद ठेवून दस्तखत केली आणि परवाना चांदपाशाच्या हातात दिला.

जिंकणाऱ्याला मिळायचा तो फेटा त्या वर्षी कुणालाच मिळाला नाही. दुपारी चांदपाशाला घरी सोडायला पुंजारामनं टांगा केला. टांगा उस्मानपुऱ्याच्या वाटेला लागला. चांदपाशा मांडीवरच्या बंदुकीवरून हात फिरवत होता. पुंजारामनं त्याचा हात धरला.

"चांदभाई, आज तू माझी लाज राखली. माझी चूक आपल्या अंगावर घेतली."

"तुझी कसली चूक?" चांदपाशा म्हणाला.

"बारूद मी विसरलो ना."

चांदपाशानं त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात खरोखरचं आश्चर्य होतं. "तू कशाला विसरशील? माझी बंदूक मी भरली. सकाळी घरी भरून आणली. तेच म्हणतोय मी, सगळं नीट केलं अन् बारूदच कशी राहिली हातनं?"

पुंजारामला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग वाटलं, अजूनही आपली समजूत घालतोय. तो हसायला गेला, पण चांदपाशा हसत नव्हता.

"चांदभाई, रिवाज काय हाय आपला? तुझी बंदूक मी भरायची, माझी तू. आत्ता माळावर आपन समोरासमोर उभे नव्हतो का? तुला सलाम घातला ना त्या वैजापूरवाल्यानं?"

"सलाम घातला, हौ," चांदपाशा म्हणाला आणि कपाळ चोळू लागला. "तेव्हा माझ्या हातात... ती बंदूक माझी नव्हती?"

"माझी व्हती."

"अन् माझी?"

"माझ्या हातात."

चांदपाशा विचार करत राहिला. टांगा दुकानापाशी थांबला तरी त्याचा विचार संपला नव्हता. दुकानाच्या मागंच घर होतं. आवाज ऐकून मेहरुन्निसा दाराशी आली. चांदपाशानं तिलाच विचारलं, "सकाळी मी बंदूक भरली ना? तू होतीस."

तिनं पुंजारामकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "सुबो बंदूक को हात बी नै लगाए तुम," ती हळूच म्हणाली. ती हे आज पहिल्यांदा बघत नव्हती, ते तिच्या आवाजातच होतं. पुंजारामला तेव्हा सगळं कळलं. माळावर चांदपाशानं मोठेपणा केलाच नव्हता. त्याला जे खरं वाटलं तेच तो बोलला होता. आणि आपण त्याच बोलण्याला भुलून अमीनसाहेबांना डोळे झाकायला सांगून आलो. बारूद विसरला तो आपण, आणि डोकं गेलं ते याचं. आता कुणाला काय सांगायचं?

चांदपाशानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि मान हलवली.

"समजलं मला," तो म्हणाला. "तू म्हणतोस बंदूक तू भरली. ही म्हणते मी हातच लावला नाही. माया करता रे तुम्ही लोक माझ्यावर. पण मला माहिताय, मला आजकाल आठवत नाही. कधीपासून वाटत होतं, आज सगळ्यांनी पाहिलं." त्यानं कोटाच्या खिशातून तो नवा परवाना काढला आणि पुंजारामच्या हातात ठेवला. "हा अमीनसाहेबांना परत देऊन टाक. ज्याच्या हातनं स्वतःच्या बंदुकीत बारूद राहते, त्यानं दुसऱ्याची बंदूक हातात घेऊ नये."

"आरं, पन ती चूक माझी व्हती!" पुंजाराम ओरडलाच. "लेकरांची शपथ घेऊन सांगतो, चांदभाई! तू माझी बंदूक भरली ती एकदम बराबर भरली व्हती!"

"झूट नक्को, यार," चांदपाशा म्हणाला. तो पुंजारामला असं समजावत होता, जणू लहान पोर हट्टाला पेटलंय. "तू माझ्यासाठी इमान घालवू नको."

मग तो दुकानात गेला. भिंतीला टेकून ठेवलेल्या लोकांच्या बंदुका त्यानं एकेक करून बाहेर आणायला सुरुवात केली. ही कुणाची, ती कुणाची, काही नावं आठवत होती, काही मेहरुन्निसा सांगत होती. दरवेळी तो बंदूक पुंजारामच्या हातात देई आणि म्हणे, "एवढी पोचती कर." पुंजाराम घेत होता. थांबवावं तर कुठल्या तोंडानं थांबवावं? अमीनसाहेबांना जे हवं होतं तेच घडत होतं, आणि कदाचित ते बरोबरही होतं. पण ते त्याच्या चुकीवर घडत होतं, आणि ती चूक आपली म्हणून सांगायला गेलं तरी चांदपाशा ती त्याच्या पदरात टाकायला तयार नव्हता.

शेवटी हातातल्या बंदुका ओट्यावर टाकून तो खालीच बसला आणि तोंडावर उपरणं घेऊन रडायला लागला. पोलीस पटेल, रस्त्यावरून माणसं जात येत होती, पण त्याला आवरेना. चांदपाशा दुकानातून लगबगीनं बाहेर आला, त्याच्या शेजारी बसला आणि त्याच्या पाठीवर हात फिरवू लागला.

"वेडा का रे तू?" तो म्हणाला. "गलती माझी, अन् रडतोस तू?"